अकरा हजार गॅलन कोमट पाणी

१ नोव्हेंबर १९७३, गुरुवार. संध्या. ७
आजपासून रोजनिशी. तांत्रिक स्वरूपाची. घरगुती रडगाणं यात लिहायचं नाही.

वृंदाचं प्लास्टर आज काढलं, सहा आठवड्यांनी. गुडघ्याची वाटी जुळली, पण गुडघा वाकत नाही. जेमतेम चाळीस अंश. डॉक्टर लाहिरींनी सांगितलं, तीन महिने रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चालायचं, कठडा धरून उठबस करायची. पाणी कोमट असलं तर उत्तम. जानेवारीअखेर गुडघा जेवढा वाकेल तेवढा वाकेल, त्यानंतर सांधा धरतो. वृंदाने एकच विचारलं, मांडी घालता येईल का? डॉक्टर म्हणाले, ते पाण्यावर अवलंबून आहे.

मांडीशिवाय तिचं अडतं. खुर्चीवर तंबोरा घेऊन बसलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं म्हणते. रविवारी गाणं शिकायला येणाऱ्या चारही मुली सप्टेंबरपासून बंद.

ती पडली कशी, याची एकदाच नोंद: न्हाणीघरात पाणी साचलं होतं. नळाचा जॉइंट मी स्वतः बसवला होता हे खरं. तो गळत होता हेही खरं. पण साबण खाली कुणी ठेवला होता? असो. रडगाणं नको.

४ नोव्हेंबर, रविवार
प्रश्न सुटला!

बागबाजारचे श्यामराव. तीन पिढ्या कलकत्त्यात, मराठी बोलतात ते बंगाली चालीवर. त्यांच्या घरामागे पोहण्याची टाकी आहे. आधीच्या मालकाने, कुणा तागाच्या दलालाने, हौसेने बांधलेली. तीस फूट बाय पंधरा, खोली चार फूट. आपल्या श्यामबाजारहून रिक्षाने दहा मिनिटं. श्यामराव म्हणाले, वहिनींना उद्यापासून पाठवा, पाणी भरलेलंच आहे. मी विचारलं, गार? ते म्हणाले, मग काय, आम्ही बारा महिने गारच घेतो अंगावर. बंगाल्यांत राहून माणूस बिघडतो तो असा.

तिथल्या तिथे जाहीर केलं की टाकी मी तापवून देतो. हीटर, पंप, पाइप, सगळ्यांची मापं मी काढणार. श्यामरावांच्या पत्नी प्रेमलताबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, इंजिनियर आहात का? म्हटलं, सरकारी भांडार विभागात अठरा वर्षं पंप मंजूर करतोय. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. पटलं असावं.

वृंदाला बजावलं, टाकी तापेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. गार पाण्याने सांधा आखडतो. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, पण आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे.

११ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
प्रयोग क्रमांक एक. साधन: आपला तांब्याचा बंब.

बंबात पाच गॅलन पाणी. कढायला अर्धा तास. निम्मं कढत, निम्मं विसण, असं धरलं. (डॉक्टर ‘कोमट’ म्हणतात. कोमट म्हणजे किती? असं ढोबळ लिहून कुणी टेंडर काढत नाही. आंघोळीचं पाणी म्हणजे पाठीवर पहिला तांब्या घेताना ‘हाश्श’ झालं पाहिजे.) टाकीत सव्वाअकरा हजार गॅलन. विसण वजा जाता अकराशे पंचवीस बंब. एका बंबाला साधारण तेवीस दिवस. म्हणजेच तेवीस बंबांइतकी एक मोठी भट्टी आणली की काम एका दिवसात! वर ऑफिसच्या पद्धतीने पंचवीस टक्के जास्त. धरू या तीस.

पानभर आकडेमोड झाली. फार समाधान वाटलं. वृंदा खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, आज अकरा तारीख. म्हटलं, मला काय कॅलेंडर दिसत नाही?

१३ नोव्हेंबर, मंगळवार
प्रेमलताबाईंना कागद दाखवला. त्यांनी पेन्सिल घेऊन शेवटी प्रश्नचिन्ह काढलं. टाकी रात्री गार होईल ते कुठे धरलंय? म्हटलं, आमच्या बंबातलं पाणी सकाळपर्यंत गरम राहतं. त्या म्हणाल्या, त्याला झाकण असतं. बाईंना तपशिलात शिरायची खोड आहे. शाळेतली सवय.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार
वृंदा हल्ली रोज दुपारी प्रेमलताबाईंकडे जाते. विणकाम शिकते म्हणाली. बरं आहे, तेवढंच मन रमतं. दोन-तीनदा पाहिलं, संध्याकाळी केस ओले असतात, अंगाला मोहरीच्या तेलाचा वास येतो. दोरीवर नऊवारी वाळत घातलेलं, जे ती एरवी सणालाच नेसते. विचारलं तर म्हणाली, दुपारी पुन्हा आंघोळ केली की बरं वाटतं. थंडीच्या दिवसांत दोनदा आंघोळ! सांभाळून घेतलं पाहिजे. इतके दिवस घरात बसून माणूस असा चमत्कारिक होतो.

गुडघा मोजला: साठ अंश. प्लास्टरनंतर वीस वाढले. टाकीत पाऊल न टाकता! योजना चालू आहे एवढ्याच भरवशावर शरीर कसं साथ देतं पाहा. आलेख काढायला घेतला आहे.

२ डिसेंबर, रविवार
हावड्याला गेलो. निताईबाबूंचं जुन्या यंत्रांचं दुकान. बंद पडलेल्या एका लाँड्रीची कोळशावरची भट्टी मिळाली. तीस बंबांना भारी पडेल अशी. नुसती पाहूनच उबदार वाटलं. पंपही तिथेच पसंत केला. पाच हॉर्सपॉवर. निताईबाबूंनी हात हलवत सांगितलं, एवढ्या टाकीला एक पुरे, पाच घातले तर पाणी कारंज्यासारखं बाहेर येईल. कमी ताकदीचा माल खपवायचा असणार. अठरा वर्षं हीच माणसं बघतोय.

माणूस तसा फालतू प्रश्न फार विचारतो. लाइन कसली आहे तिकडे? म्हटलं, लाइन कलकत्त्याची, दुसरी कसली असणार.

६ डिसेंबर, गुरुवार
भट्टी घ्यायची तर तीन कोटेशनं हवीत. नियम म्हणजे नियम, स्वतःच्या कामाला तर जास्तच. पण अशी भट्टी दुसऱ्या कुणाकडे नाही. शेवटी निताईबाबूंनाच तीन निरनिराळ्या नावांनी तीन लिहायला सांगितली. ते हसले. यात हसण्यासारखं काय? कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट करून मीच सही केली. यात सहा दिवस जाणार. वृंदा म्हणाली, अहो, नोव्हेंबर तर गेला. म्हटलं, पाया पक्का असला की पुढे वेग येतो.

गुडघा: ब्याऐंशी. आलेखाची रेघ वर चालली आहे. माझी आकडेमोड आणि तिचा गुडघा, दोन्ही एकत्र सुधारताहेत.

१३ डिसेंबर, गुरुवार
पाइप. निताईबाबूंचं म्हणणं, दोन इंची लावा. दोन इंची आज मिळत नाही, एक इंची ढीगभर पडलाय. मी मार्ग काढला. एक इंचीचे दोन लावले की झाले दोन इंच. निताईबाबू माझ्याकडे बघत राहिले. इतकी साधी युक्ती सुचली नव्हती.

संध्याकाळी प्रेमलताबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, चार लागतील. का, तर क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. त्यांनी ताटलीवर वाट्या मांडूनही दाखवलं. मी म्हटलं, पाणी पाइपातून जायचंय, ताटलीतून नाही. श्यामराव उठून आत गेले.

गुडघा: पंच्याण्णव. आता पाटावर एक पाय पुढे सोडून बसता येतं. तिने पेटी काढून नुसता सा धरला. किती दिवसांनी. मी दाराआड उभा होतो. सा संपेपर्यंत हललो नाही, लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

१६ डिसेंबर, रविवार. दुपार
आजचा दिवस ऐतिहासिक. पाइप टाकायचे तर टाकी रिकामी हवी. श्यामराव सकाळीच सहकुटुंब लग्नाला गेले होते. वृंदाला चकित करायचं म्हणून तिलाही सांगितलं नाही. मजूर घेऊन गेलो, खालची मोरी उघडली, पाणी सोडलं. दिवसभर जातंय.

चरही खणायला घेतला. गल्लीतली मंडळी जमली. एक म्हातारेबाबू म्हणाले, इथूनच तर खंदक खणला होता, बर्गींच्या भीतीने, आता बर्गी स्वतःच खणायला लागले? सगळे हसले. मीही हसलो. बर्गी म्हणजे इथे लुटीला आलेले मराठे स्वार. दोनशे वर्षं झाली, तरी मराठी माणूस कुदळ घेऊन दिसला की यांना तेच आठवतं.

१७ डिसेंबर, सोमवार. ऑफिसात, दुपारी २
प्रेमलताबाईंचा फोन. टाकी रिकामी कुणी केली? म्हटलं, मी. मग त्या बोलत सुटल्या. मी उभा राहिलो तो उभाच.

वृंदा पाच नोव्हेंबरपासून रोज त्या टाकीत उतरत होती. गार पाण्यात! दुपारी बाराला ऊन पाण्यावर असतं तेव्हा, अंगाला मोहरीचं तेल लावून, नऊवारीचा कासोटा मारून, कठडा धरून. अर्धा तास. कालचा सोडून एक दिवस चुकवला नाही. विणकाम वगैरे काही नाही. गुडघा त्यानेच सुटत होता. आज गेली तर टाकीच्या तळाशी चिखल आणि एक इंचीचे दोन पाइप.

विचारलं, मला का नाही सांगितलं? बाई म्हणाल्या, तिनेच बजावलं होतं. त्यांना नळाच्या जॉइंटचं लागून राहिलंय, रात्री दचकून उठतात, करू दे त्यांना हौस, म्हणाली.

मला कसलं लागलंय? मी दचकतो ते डासांनी.

संध्या. ७
वृंदाने नेहमीसारखा चहा पुढे ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तीन दिवसांत भरतो, पाच हॉर्सपॉवरचा पंप आहे, श्यामरावांच्या विहिरीतून उपसून भरतो. तिने फक्त विचारलं, नक्की तीन? नक्की. लेखी देऊ? ती म्हणाली, लेखी नको.

२२ डिसेंबर, शनिवार
पाच दिवस झाले. पाइप बसले. पंप बसला. आज उद्घाटन. श्यामराव, प्रेमलताबाई, गल्लीतले म्हातारेबाबू, सगळे होते. वृंदा तेल लावूनच आली होती.

स्विच दाबला. पंप घुं असा आवाज करत जागच्या जागी थरथरला. फिरेना. मी म्हटलं, नवीन जागा आहे, बुजलाय. मग जळक्या रबराचा वास आला. मग धूर. श्यामरावांनी पळत जाऊन मेनस्विच काढला आणि शांतपणे सांगितलं, आमच्या गल्लीत अजून डी.सी. आहे हो, मनोहरपंत. तुमच्या तिकडे ए.सी. आमचे पंखेसुद्धा वेगळे येतात. ही मोटर इथे चालायचीच नाही.

म्हटलं, हे मला कुणी विचारलं का नाही?

वृंदा पायऱ्या एकेक करत उतरली आणि रिक्षात जाऊन बसली.

२३ डिसेंबर, रविवार
विहिरीचं पाणी बादल्यांनी उपसून होणार नाही, काठ ढासळून विहिरीत दरड पडलीय. उरला म्युनिसिपालटीचा नळ. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. करंगळीएवढी धार. रबरी नळी लावली. घड्याळ लावून बादली भरून पाहिली. अंदाजे चार दिवस. प्रेमलताबाई म्हणाल्या, दहा.

आज पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला नाही. मनातल्या मनात पाच धरले.

२९ डिसेंबर, शनिवार
गुडघा: त्र्याऐंशी. आलेख पुढे काढायचा नाही असं ठरवलं आहे. कागद संपला.

नळाशी रोज सकाळी सहाला जाऊन उभा राहतो. मी उभा राहिल्याने पाणी जास्त येत नाही हे मान्य. पण घरी बसवत नाही. वृंदा पलंगाच्या कडेला बसून पाय हलवते, ओठ दाताखाली धरून. कोरड्यात दुखतं. पाण्यात दुखत नव्हतं म्हणते. मी म्हटलं, गरम पाण्याचा शेक देऊ? बंब पेटवला, बादलीत पाय ठेवून दिला. बादलीत गुडघा वाकत नाही. बादलीचं माप लहान.

३ जानेवारी १९७४, गुरुवार
अकरा दिवसांनी पाणी कमरेला लागलं. अठरा दिवसांचा खंड. वृंदा बाराला उतरली, प्रेमलताबाई बरोबर. हे मला संध्याकाळी कळलं. निदान या वेळी कळलं तरी.

६ जानेवारी, रविवार
भट्टी पेटवली. पंप नाही, तर पाणी आपोआप फिरेल असा माझा अंदाज. गरम पाणी वर जातं हे शास्त्र आहे. सकाळी सातपासून कोळसा. दुपारी बाराला भट्टीजवळच्या कोपऱ्यात हातभर जागेत इतकं कढत की हात घालवेना. बाकी टाकी जशीच्या तशी. गल्लीभर धूर. कुणाची तरी वाळत घातलेली धोतरं काळी झाली. वृंदाने कोपऱ्यात पाय घातला, चटका बसला, ती किंचाळली. पोटरीवर फोड.

मी भट्टीवर बादल्या ओतून ती विझवली. स्वतःच.

फोड सुकेपर्यंत डॉक्टरांनी पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलं. आणखी पाच दिवस जाणार.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत
तिळगूळ. वृंदाने मला दिला आणि नेहमीचं ‘गोड बोला’ म्हणायच्या ऐवजी हसली. मी म्हटलं, निताईबाबूंकडून डी.सी. मोटर शोधून आणू? ती म्हणाली, अहो, तुम्ही काही आणू नका. फार मायेने म्हणाली. मी पाट सरकवून उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

२० जानेवारी, रविवार. दुपारी १
प्रेमलताबाईंना सर्दी झाली आहे. वृंदा म्हणाली, तुम्ही उतरता का माझ्याबरोबर? कठडा एकाच हाताने धरता येतो. दोन्ही हात कुणी धरले की पाठ सरळ ठेवून खाली बसता येतं.

मी म्हटलं, पाणी गार आहे. ती म्हणाली, आहे.

उतरलो. आई गं! पोटऱ्या, मांड्या, कंबर, एकेक अवयव रजा घेऊन गेल्यासारखा झाला. जन्मात गार पाण्याने आंघोळ केलेली नाही. दात वाजत होते. वृंदाने माझे दोन्ही हात धरले आणि हळूहळू खाली गेली. गुडघा पाण्याखाली वाकत होता, तिच्या बोटांतून मला कळत होतं. सारखं म्हणत होती, सोडू नका, सोडू नका. चार मिनिटांत मीच बाहेर आलो. अंग निळं पडलं होतं. श्यामरावांनी मोहरीचं तेल चोळलं. ती आणखी पंचवीस मिनिटं कठडा धरून.

गुडघा: त्र्याण्णव.

२१ जानेवारी, सोमवार
ताप. गार पाण्याने येतो हे मी नोव्हेंबरपासून सांगतोय. आठवडाभर टाकीकडे फिरकायचं नाही असा निश्चय. प्रकृती आधी. वृंदा एकटी जाते.

३१ जानेवारी, गुरुवार. संध्या. ६
डॉक्टर लाहिरींकडे शेवटची तपासणी. त्यांनी कोनमापक लावला. एकशे चार. पुन्हा लावला. एकशे चार.

चालता येईल, जिने चढता येतील, पाटावर पाय पुढे सोडून बसता येईल, म्हणाले. मांडी? त्यांनी मान हलवली. मांडीला एकशे तीस तरी लागतात. आता सांधा धरायला लागलाय. पाणी सोडू नका, दोन-चार अंश अजून मिळतील, पण मांडीची आशा धरू नका.

मग त्यांनी आपले कागद पाहिले आणि विचारलं, डिसेंबरच्या मध्यापर्यंत तुमचा गुडघा फार छान येत होता. तीन आठवड्यांत मागे गेला. खंड का पडला?

वृंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, पाणी नव्हतं.

एवढंच. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

रिक्षात मी बोलायला तोंड उघडलं. डी.सी. लाइन, विहिरीची दरड, निताईबाबू, म्युनिसिपालटीची करंगळीएवढी धार, सगळं ओळीने तयार होतं. ती म्हणाली, थंडी वाजतेय का तुम्हाला? शाल घ्या.

पाणी होतं. मी सोडलं. मोरी मी उघडली.

घरी आल्यावर ती पाटावर डावा पाय लांब सोडून बसली. तंबोरा नीट टेकेना, तिरका धरला. आवाज लावला. दोन-तीनदा थांबली, मग लागला. रविवारी मुलींना यायला सांगा म्हणाली.

मी टेबलाशी बसून साहेबांना अर्ज लिहितोय. उद्यापासून मार्चअखेर रोज दुपारी साडेअकरा ते एक सवलत मिळावी. कारणाच्या जागी ‘पत्नीचे दोन्ही हात धरून पाण्यात उभे राहणे’ असं लिहिलं. वाचून पाहिलं. खोडलं. ‘घरगुती’ लिहिलं.